कोरा नमुना

"अण्णा, जरा भिंतीपाशी उभे राहा. फोटो काढायचाय."

"भिंतीवर लावायला का?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो. अर्जाला लावायला."

"बरं," म्हणून अण्णा खुर्चीतून उठले. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती, असं दशांशला वाटून गेलं.

दशांश हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत तो केमिस्ट होता. कुणी सहज "किती वाजले रे?" म्हणून विचारलं तरी तो सेकंदांसकट सांगे, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं होतं. "साधारण", "जवळजवळ", "असेल बहुतेक" असले शब्द कानावर आले की त्याच्या कपाळाला आठी पडे. लग्नाआधी एकदा होणाऱ्या बायकोने "मी तुला आवडते का?" असं लाजत विचारलं, तेव्हा त्याने "कशाच्या तुलनेत?" असं विचारलं होतं. तरीही तिने लग्न केलं. का केलं, हा प्रश्न ती अधूनमधून भांडी घासताना स्वतःला विचारत असे.

अर्जाचं प्रकरण सुरू झालं ते सूचनाफलकावरच्या एका कागदाने. विभागप्रमुख मॅडम निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर व्यवस्थापनाला आता निव्वळ रसायनशास्त्र नको होतं. ज्याच्याकडे बिझनेसची पदव्युत्तर पदवी आहे, किंवा निदान ज्याचा प्रवेश महिनाअखेरपर्यंत पक्का झाला आहे, त्याचाच विचार होईल, असं त्यात लिहिलं होतं. नोकरी सांभाळून घरबसल्या करता येईल असा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही व्यवस्थापनाने सुचवला होता. सुचवला होता म्हणजे तोच करायचा होता.

त्या खुर्चीसाठी दोघंच उमेदवार होते. एक दशांश आणि दुसरा टायवाला. टायवाला गिऱ्हाइकांकडून पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या विभागात होता आणि उन्हाळ्यातसुद्धा टाय लावून येई. एकदा नमुन्याचा वास घ्यायला वाकला असताना त्याचा टाय बाटलीत बुडाला, तेव्हा तो टाय पिळून त्याने बाटलीचं झाकण लावलं होतं आणि "एवढ्याने काय होतंय?" म्हणाला होता. गिऱ्हाइकांना तो "तुमचं पाणी जवळजवळ शुद्ध आहे" असं तोंडभरून सांगे. हा माणूस विभागप्रमुख झाला, तर "जवळजवळ" हा शब्द छापील अहवालात येणार, या विचाराने दशांशला जेवण जाईनासं झालं होतं. शिवाय मॅडमच्या खोलीला खिडकी होती. दशांशचं टेबल तळघरात होतं. तिथे दिवस आहे की रात्र हे भिंतीतल्या ओलीवरून ओळखावं लागे, आणि नोकरी लागल्यापासून तो तिथेच होता.

"अर्ज कर," मॅडम म्हणाल्या. "टायवाल्याचा प्रवेश झालासुद्धा."

"करतो मॅडम. पण हा अभ्यासक्रम खरा आहे कशावरून? जाहिरातीत लिहिलंय, 'आज अर्ज करा, उद्याचे नेते व्हा.' उद्याचे म्हणजे नेमकं कुठल्या तारखेपासून?"

"अर्ज कर रे बाबा," मॅडम चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या. "मला सुखाने निवृत्त होऊ दे."

पण दशांशने आयुष्यात कुठल्याही यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. प्रयोगशाळेत एक पद्धत असते. खरा नमुना यंत्रात घालण्याआधी निव्वळ शुद्ध पाणी घालायचं. सगळे सोपस्कार तसेच करायचे, तीच रसायनं, तीच बाटली, फक्त तपासण्यासारखं आत काही नसतं. याला कोरा नमुना म्हणतात. कोऱ्या नमुन्यात यंत्राने शून्य दाखवलं, तर यंत्र ठीक. काहीतरी आकडा दाखवला, तर यंत्र खोटं बोलतंय असं समजून बाजूला ठेवायचं. ही पद्धत त्याला मॅडमनीच शिकवली होती, आणि त्याने ती इतकी मनावर घेतली होती की ताप मोजायचा नवा काचेचा थर्मामीटर आणला तेव्हा त्याने आधी टेबलाचा ताप पाहिला होता.

तेव्हा या अभ्यासक्रमालाही आधी एक कोरा नमुना पाठवावा, हे त्याच्या मनात येणं अगदी स्वाभाविक होतं. ज्याच्यात या पदवीसाठी लागणारं काहीच नाही, अशा माणसाचा अर्ज आधी पाठवायचा. तो नाकारला गेला, तर तिथे कुणीतरी अर्ज वाचतंय. स्वीकारला गेला, तर सगळं थोतांड.

"आणि असा माणूस तुला कुठे मिळाला?" बायकोने विचारलं.

दशांशने खिडकीकडे पाहिलं. खिडकीपाशी खुर्ची होती आणि खुर्चीत अण्णा होते.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तोंड उघडं असलेल्या पण बोलू न शकणाऱ्या माणसांशी दिवसभर बोलायची तिला सवय होती. पण आता तिचंच तोंड उघडं राहिलं.

"म्हणजे सख्ख्या बापाला तू शुद्ध पाणी समजतोस?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

यावर दशांशकडे नेमकं उत्तर नव्हतं, आणि नेमकं नसेल तर तो उत्तर देत नसे.

खरं सांगायचं तर अण्णांमध्ये आता फारसं काही उरलेलं दिसत नव्हतं. आई गेल्यापासून ते खिडकीपाशी बसत. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे आणि भिंतीच्या वर पाण्याची टाकी. टाकी भरून वाहायला लागली की अण्णा म्हणत, "टाकी वाहतेय." एरवी विचारलेल्या गोष्टीला "हं" म्हणत. बायको कामावर जाताना "अण्णा, येते हं" म्हणे, त्यावर "हं" येई. संध्याकाळी "आले हो अण्णा" म्हणे, त्यावर तोच "हं" पुन्हा येई. मधल्या काळात अण्णा तो "हं" कुठे ठेवत असत कोण जाणे.

त्याआधी अण्णांची कार्बन पेपरची एजन्सी होती. दोन कागदांमध्ये निळा कागद घालून खाली दुसरी प्रत उमटवायची, तो कार्बन पेपर. कचेऱ्यांमध्ये संगणक आले, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "वर्षभराचं खूळ आहे." मग त्यांनी आणखी माल भरला होता. दुकान ओसाड पडलं तरी कित्येक वर्षं ते रोज सकाळी कुलूप काढून बसत आणि संध्याकाळी कुलूप लावून येत. शेवटी आई गेली आणि त्याच पावसाळ्यात दुकानाचं छत गळायला लागलं, तेव्हा उरलेल्या मालाची खोकी घरातल्या माळ्यावर आली आणि अण्णा खिडकीपाशी.

"अण्णा, तुमच्या नावाने एक अर्ज भरतोय. चालेल ना?"

"हं."

"अभ्यासक्रमाचा आहे. मिळणार नाहीच आहे. फक्त बघायचंय."

"मला काय, कुठेही नेऊन उभं करा," अण्णा म्हणाले आणि भिंतीपाशी उभे राहिले.

अर्ज भरायला दशांश आपल्या संगणकापुढे बसला. अण्णांना मोबाइल नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा क्रमांक दिला. प्रयोगात ढवळाढवळ नको म्हणून अण्णा जे बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"अण्णा, तुमची नेतृत्वशैली कशी आहे?"

"कुणाचं नेतृत्व? दुकानात मी एकटाच होतो."

ते लिहिलं.

"बाजारातल्या बदलांना तुम्ही कसं तोंड दिलंत?"

"पाठ केली."

तेही लिहिलं.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

अण्णांनी मान वळवून भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. फोटोशेजारी एक रिकामा खिळा होता. "तिथे," ते म्हणाले.

दशांशची बोटं क्षणभर थांबली. मग त्याने लिहिलं, "भिंतीवर."

एवढा स्वच्छ कोरा नमुना त्याच्या उभ्या कारकिर्दीत झाला नव्हता. निकाल यायची वाट पाहून मगच स्वतःचा अर्ज करायचा असा त्याचा बेत होता, पण मुदत जवळ आली होती आणि बायकोने खनपटीला बसून त्याच संध्याकाळी त्याचाही अर्ज भरायला लावला. तोच संगणक, तोच मोबाइल, तोच पत्ता. सगळी परिस्थिती दोन्ही नमुन्यांना सारखी हवी, म्हणून उलट त्याला बरंच वाटलं.

काही दिवसांनी प्रयोगशाळेत असताना मोबाइलवर संदेश आला. "प्रिय उमेदवार, आपल्या उत्तरांनी निवड समिती प्रभावित झाली आहे. रविवारी दुपारी ऑनलाइन मुलाखतीसाठी तयार राहा."

दशांशने तो दोनदा वाचला. समिती प्रभावित झाली होती, म्हणजे हा आपलाच अर्ज, यात शंका नव्हती. त्याने तो मॅडमना दाखवला. मॅडमनी तो टायवाल्याला दाखवला. टायवाल्याने येऊन दशांशचा हात जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "वा! आता जवळजवळ झालंच म्हणा." त्या दिवशी दशांशने सगळ्यांना कॉफी पाजली, आणि तळघरात परतल्यावर आपलं सामान कुठल्या खोक्यात मावेल याचा अंदाज घेतला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसला. बायकोने मागची दोरी आणि तिच्यावरचे टॉवेल काढले. पडद्यावर एक प्राध्यापकबाई अवतरल्या. त्यांनी दशांशकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा दशांशकडे.

"उमेदवार कुठे आहेत?"

"मीच."

"तुम्ही?" बाईंनी चष्मा सारखा केला. "फोटोत तुम्ही बरेच अनुभवी दिसताय."

"काहीतरी घोटाळा होतोय, मॅडम. मी केमिस्ट आहे."

"माझ्याकडे कार्बन पेपरच्या एजन्सीचे मालक आहेत. 'बाजाराकडे पाठ केली' म्हणणारे. कुठे आहेत ते?"

दशांशने बायकोकडे पाहिलं. मग खिडकीकडून आवाज आला. "टाकी वाहतेय."

"कोण बोललं?" प्राध्यापकबाईंनी विचारलं.

नाइलाजाने दशांश उठला आणि अण्णांना त्याच्या जागी बसवलं. अण्णा बनियनवर होते. बायकोने धावत जाऊन सदरा आणला, तो अण्णांनी अंगात घालण्याऐवजी मांडीवर घेतला.

"आजोबा, व्यवसाय बुडतोय हे तुमच्या कधी लक्षात आलं?" बाईंनी विचारलं.

"बुडाला नाही. बुडायला पाणी लागतं. आमचा आटला."

"बरं, आटतोय हे कधी लक्षात आलं?"

"लगेच. पहिल्याच वर्षी."

दशांश दाराआड उभा होता. तो चमकला. घरात आजवर सगळ्यांचा समज असा होता की अण्णांच्या कधी लक्षातच आलं नाही.

"मग दुकान बंद का नाही केलंत?"

अण्णांनी मांडीवरच्या सदऱ्याची घडी नीट केली.

"ही दुपारी डबा घेऊन यायची," अण्णा भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले. "घरी सासूबाई होत्या, म्हणजे माझी आई, पाहुणे असायचे, हा लहान होता. दोन शब्द बोलायला मिळायचे नाहीत. दुकानात गिऱ्हाईक नसायचंच. मग आम्ही निवांत जेवायचो. बंद केलं असतं, तर डबा आणायचा कुठे तिने?"

बायको पदराशी चाळा करत होती, तो थांबला. दशांशने दाराची चौकट धरली.

"हे तुमच्या अभ्यासक्रमात बसतं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही बसत," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही बसता. साठीपुढच्यांसाठी आमच्याकडे एक राखीव जागा आहे. फी माफ. दरवर्षी ती रिकामी जाते आणि दरवर्षी मला त्याचं कारण लिहून द्यावं लागतं."

"या वर्षी त्या जागेसाठी किती अर्ज आले?" दाराआडून दशांशला राहवेना.

"एक," बाई म्हणाल्या. "अभिनंदन, आजोबा."

त्या गेल्या आणि दशांशच्या मोबाइलवर दुसरा संदेश वाजला. त्याच मोबाइलवरून, त्याच पत्त्यावरून आलेला दुसरा अर्ज ही पहिल्या अर्जाची नक्कल असल्याने तो रद्द करण्यात येत आहे, असं त्यात होतं. त्याने तिथल्या तिथे हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, एका मोबाइलवर एकच उमेदवार," तिकडचा तरुण अदबीने म्हणाला.

"पण आम्ही दोघं आहोत!"

"सिस्टीममध्ये एकच आहात, सर. आडनाव एक, पत्ता एक, संगणक एक."

"जन्मतारीख वेगळी आहे ना!"

"हो सर, ती चूक दिसतेय. जन्मतारीख दुरुस्त करायची असेल तर त्याचा विभाग वेगळा आहे. जोडून देऊ?"

"अहो, ते माझे वडील आहेत!"

"छान, सर," तरुण म्हणाला. "मग घरातल्या घरातच ठरवा ना. पहिल्या अर्जाने माघार घेतली की दुसरा आपोआप चालू होईल. शुक्रवारपर्यंत. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे?"

दशांश हायसं वाटून खुर्चीत बसला. एवढंच ना. तो अण्णांकडे वळला.

"अण्णा, एक बटण दाबायचंय. म्हणजे मीच दाबतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

"कशाला?"

दशांशने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोरा नमुना कशाला म्हणतात तेही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं त्याला जमत नसे. अण्णा ऐकत राहिले.

"म्हणजे मला मिळालंय ते तुला हवंय," ते म्हणाले.

"तसं नाही हो."

"मग कसं?"

स्वयंपाकघरातून बायकोचा खोकला ऐकू आला.

"अण्णा, तुम्हाला काय करायचीय पदवी?"

"तुला काय करायचीय?"

"मला खुर्ची मिळेल."

"मला आहे खुर्ची," अण्णा म्हणाले. "तिच्यातून उठायचंय." आणि मांडीवरचा सदरा त्यांनी अंगात घातला. मुलाखत संपल्यावर.

दुसऱ्या दिवशी दशांश मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगितली. खिडकीबाहेर करड्या रंगाचं आभाळ होतं, पण ते दिसत तरी होतं. मॅडमनी मधे एकदाही टोकलं नाही. त्यांचं निम्मं कपाट आधीच खोक्यांत गेलं होतं.

"कोऱ्या नमुन्यात आकडा आला तर आपण काय करतो?" त्यांनी विचारलं.

"यंत्र तपासतो."

"आणि यंत्र ठीक निघालं तर?"

दशांशने मान खाली घातली. "मग पाणी शुद्ध नसतं."

"मग तू काय पाणी म्हणून घातलंस, ते आधी बघायचं होतंस. आणि वर ते वेगळ्याच रांगेत ठेवलंस. साठीपुढची जागा निराळी, तुझी निराळी. अशी तुलना पहिल्या वर्षाच्या पोराने केली असती, तर मी त्याला घरी पाठवलं असतं." त्यांनी कपाटाचं दार लोटलं. "टायवाल्याच्या हातात हा विभाग द्यायला माझ्या जिवावर येतंय. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. माघारीचं बटण तुझ्याच मोबाइलवर आहे. मी काही सांगितलं नाही, असं समज."

दशांश तळघरात आला. टेबलावर टायवाल्याने भरलेला अहवालाचा एक मसुदा पडला होता. "रंग: साधारण नाही," असं त्यात लिहिलं होतं. दशांशने तो बराच वेळ पाहिला.

शुक्रवारी तो कामावरून लवकर निघाला. लिफ्ट बंद होती. जिना चढता चढताच त्याने पोर्टल उघडलं आणि श्वास रोखून 'माघार' दाबलं. खात्री करण्यासाठी मोबाइलवर ओटीपी आला. थोड्याच मिनिटांत तो बाद होणार होता. घरात जाऊन अण्णांच्या डोळ्यांसमोर आकडे घालायचे, पाठीमागून नको, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. चोरी करायची तर निदान समोरून, असा काहीसा तो विचार होता.

दार बायकोने उघडलं. तिच्या केसांत जळमटं होती. माळ्याला शिडी लावलेली होती आणि खोलीभर जुनी खोकी पसरली होती. खिडकीपाशीची खुर्ची रिकामी होती. अण्णा टेबलाशी बसून संगणकावर चाललेल्या परिचयाच्या व्याख्यानाकडे टक लावून बघत होते आणि भराभर लिहीत होते. त्यांची बोटं निळी झाली होती. नाकावरही एक निळा डाग होता.

"सकाळपासून जेवायला उठले नाहीत," बायको कुजबुजली. "मला सांगतात, डबा इथेच दे."

"आलास का?" अण्णा मान वर न करता म्हणाले. "बरं झालं. ही बाई फार भरभर बोलते." त्यांनी वहीचं पान टरकावलं, त्याखालचा निळा कागद अलगद उचलला आणि त्याच्याखालचं पान दशांशपुढे धरलं. "ही तुझी प्रत."

"माझी कशाला?"

"पुढच्या खेपेला तू अर्ज करशीलच ना? तेव्हा परत कुठे ऐकत बसतोस? मी सगळंच दोन प्रतींत काढतोय. कार्बन भरपूर आहे."

दशांशने कागद घेतला. अक्षर फिकट होतं, पण सगळं वाचता येत होतं. खिशात मोबाइल थरथरला. त्याने काढून पाहिलं. ओटीपीची मुदत संपली होती. खाली 'पुन्हा पाठवा' असं बटण होतं. त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

नवऱ्याने बापासाठी बढतीवर पाणी सोडलं, असं बायको पुढे दवाखान्यात सगळ्यांना सांगायची, आणि तोंड उघडं असल्याने कुणालाच त्यावर शंका काढता येत नसे. दशांश मात्र तिला दर वेळी दुरुस्त करी. आपण काहीही सोडलं नाही, आपण काहीच केलं नाही, मुदत संपली.

मॅडम निवृत्त झाल्या. टायवाला खिडकीच्या खोलीत गेला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात अहवालाचा नवा नमुना छापून घेतला. त्यात "पाणी जवळजवळ पिण्यायोग्य" असा एक रकाना होता. तो भरायचं काम दशांशकडे आलं. पुढच्या तुकडीचे अर्ज सहा महिन्यांनी सुटणार होते आणि तेव्हा ती पदवी कशासाठी घ्यायची, हे त्याला सांगता आलं नसतं. भिंतीतली ओल आता त्याच्या टेबलापर्यंत आली होती.

एके संध्याकाळी तो घरी आला, तर अण्णा संगणकावर कुणाशी तरी बोलत होते. त्याला जागा नव्हती म्हणून तो खिडकीपाशीच्या खुर्चीत बसला. हल्ली तो तिथेच बसे.

"झालं बुवा," बोलणं संपवून अण्णा म्हणाले. "गटाचा गृहपाठ आहे. प्रगती खुंटलेल्या एका कर्मचाऱ्याची मुलाखत घ्यायची. बाकीच्यांना असा माणूस शोधत हिंडावं लागतंय. मला घरातच मिळाला."

"कुणी सुचवलं माझं नाव?"

"तुझ्या साहेबाने. तो आमच्याच गटात आहे ना. टाय लावून बसतो. मुलगा चांगला आहे, पण टक्केवारी काढताना गडबडतो. मी सांगतो त्याला हळूहळू." अण्णांनी दोन कागदांमध्ये निळा कागद घातला, कडा जुळवल्या आणि पेन हातात घेतलं. "हं, सांग. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस?"

दशांशने मान वळवली. समोरच्या भिंतीवर अंधार उतरू लागला होता. वरून पाण्याची एक धार शांतपणे भिंतीवरून खाली येत होती.

"टाकी वाहतेय," तो म्हणाला.

"हं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग खालची प्रत काढून त्याच्या हातात दिली.